पंक्तिप्रपंच

मराठीत 'पंक्तिप्रपंच' असा एक शब्द आहे. एकाच पंगतीला बसलेल्यांपैकी कोणाच्या भातावर तुपाची धार लांब आणि कोणाच्या भातावर आखूड, कोणाच्या पानात सायीचे दही आणि कोणाच्या पानात पाणचट ताक, अशा वाढपातील भेदभावाला आपल्या पूर्वजांनी हे नाव दिले आणि त्याची गणना दोषांत केली. आमच्या घराण्याला माळव्यात येऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. बोलण्यात हिंदीची वळणे आली, सणावारी पुरणपोळीच्या जोडीला दाल-बाफलेही होऊ लागले. परंतु पंगतीचा हा दंडक मात्र घरात कटाक्षाने पाळला गेला. आमची आजी वाढायला उभी राहिली की मुलगा आणि मुलगी, घरचा आणि पाहुणा, कमावता आणि बिनकमावता हा भेद तिच्या हाताला ठाऊक नसे. सर्वांना सारखे, एवढेच तिचे न्यायशास्त्र होते.

ह्या न्यायशास्त्राविषयी आमच्या मनात आदर आहे. तरीही आहारविज्ञान आणि जनुकशास्त्र ह्यांनी अलीकडे जे उघडकीस आणले आहे ते वाचताना एक प्रश्न आम्हांला वारंवार अस्वस्थ करतो. सारखे वाढणे आणि न्यायाने वाढणे ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय? दोन माणसांनी एकाच पंगतीला बसून तेच अन्न तितकेच खाल्ले, एकाच्या शरीराची गरज त्याने भागली आणि दुसऱ्याची भागली नाही, तर वाढणाऱ्याच्या हातून पंक्तिप्रपंच घडला की नाही? आणि ज्याची गरज भागली नाही त्याने अधिक मागितले, तर तो त्याचा हक्क समजावा की हट्ट? हा प्रश्न केवळ तात्त्विक पातळीवर राहू नये म्हणून 'ब' गटातील जीवनसत्त्वांच्या आधारे त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभ आपल्या घरापासून करणे प्रामाणिकपणाचे होईल. आमची एक आत्या अकाली वैधव्य आल्याने माहेरी परतली होती. पन्नाशीनंतर ती सतत थकलेली असे. जिना चढताना तिला धाप लागे, जीभ लालबुंद होऊन सोलल्यासारखी होई, तळपायांना मुंग्या येत, अंधारात चालताना तोल जाई. पुढे पुढे विसराळूपणाही वाढला. घराने ह्या सर्वांचा मिळून एकच अर्थ लावला : आत्या आळसावली. "वन्सं, जरा हातपाय हलवत राहा, म्हणजे बरं वाटेल," असे आमची आई म्हणे, आणि ते ती प्रेमानेच म्हणे. पण त्या प्रेमाच्या तळाशीही तो निवाडा होताच. आत्याने त्याचा प्रतिवाद कधी केला नाही. "होय ग वहिनी, अंग जड झालंय खरं," एवढे बोलून ती पुन्हा भाजी निवडायला बसे. कित्येक वर्षांनी एका डॉक्टरांनी तिचे रक्त तपासून घेतले, तेव्हा ब-१२ ह्या जीवनसत्त्वाची तीव्र उणीव आढळली. इंजेक्शने सुरू झाली. थकवा गेला, जीभ बरी झाली. तळपायांची बधिरता मात्र अखेरपर्यंत राहिली. मज्जातंतूंना दीर्घकाळ झालेली इजा नेहमीच पुरती भरून येत नाही, हे आम्हांला तेव्हा कळले. आळस म्हणून ज्याची आम्ही संभावना केली तो रोग होता.

हे असे का झाले? ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत; ते सूक्ष्म जंतू तयार करतात, आणि मनुष्याला ते मांस, मासे, अंडी, दूध ह्यांतून मिळते. शाकाहारी घरात दूधदुभते हाच त्याचा मुख्य आधार. आमच्या घरात सर्वांना सारखे वाढले जाई हे खरे. पण आत्या शेवटच्या पंगतीला बसे, आणि तोवर दुधा-दह्याचे पातेले बहुधा रिकामे झालेले असे. आजीच्या समान वाढपाचा हिशेब पहिल्या दोन पंगतींपुरताच होता, हे लक्षात यायला आम्हांला फार उशीर झाला. तथापि एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. त्याच शेवटच्या पंगतीला आमची आई आणि काकूही बसत. त्यांच्या पानात आत्याहून अधिक काही पडत नसे. त्या आजारी पडल्या नाहीत. रक्ततपासणीने उणीव सांगितली. आत्यालाच ती का, हे सांगितले नाही.

ताटातील भेद आणि देहातील भेद अशी ह्या प्रश्नाची दोन अंगे आहेत. पैकी पहिल्या अंगाचा एक महत्त्वाचा शोध आपल्या मुंबईत लागला. १९२८ साली लूसी विल्स ह्या इंग्रज संशोधक स्त्री मुंबईस आल्या. गिरणीकामगारांच्या वस्तीतील गरीब गर्भवती स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा, कधी कधी प्राणघातक ठरणारा पंडुरोग होत असे. खाऊनपिऊन सुखी घरांतील स्त्रियांत तो क्वचितच दिसे. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्स ह्यांनी ह्या स्त्रियांच्या आहाराचा बारकाईने अभ्यास केला आणि १९३१ साली असे प्रसिद्ध केले की, 'मार्माइट' नावाच्या स्वस्त यीस्ट-अर्काने हा रोग बरा होतो. त्या अर्कातील गुणकारी द्रव्याला पुढे काही काळ 'विल्स घटक' असेच म्हणत. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात चार टन पालकाच्या पानांतून असेच एक द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'फॉलिक आम्ल' हे नाव मिळाले. परळच्या त्या स्त्रियांच्या देहात दोष नव्हता. दोष ताटात होता. तो भरून काढण्यास थोडे यीस्ट पुरले.

पालकाच्या पानांवर काम करणाऱ्या त्या शास्त्रज्ञांत रॉजर विल्यम्स नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचा जन्म उटकमंडचा. त्यांचे वडील बंधू रॉबर्ट हेही भारतातच, नेल्लोर येथे जन्मले, आणि त्यांनी १९३६ साली थायमिन म्हणजे ब-१ ह्या जीवनसत्त्वाची कृत्रिम घडण साधली. मिशनरी आईबापांच्या पोटी भारतात जन्मलेल्या ह्या दोन भावांनी जीवनसत्त्वांच्या इतिहासात अशी दोन ठळक पाने लिहिली. रॉजर विल्यम्स ह्यांना जो प्रश्न पुढे आयुष्यभर पुरला तो दुसऱ्या अंगाचा होता. १९५६ साली त्यांनी माणसामाणसांतील जीवरासायनिक वेगळेपणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे होते की, नाकडोळे जसे प्रत्येकाचे निराळे, तसेच पोटातील अवयव, विकरे आणि म्हणून पोषणाची गरजही निराळी. सरासरी मनुष्य हा केवळ गणितात असतो. जेवायला बसतो तो नेहमी कोणीतरी विशिष्ट मनुष्य असतो.

हा विचार अगदीच नवा नव्हता. १९०२ साली आर्चिबाल्ड गॅरड ह्या इंग्रज वैद्याने, लघवी काळी पडण्याचा एक दुर्मिळ विकार काही कुटुंबांत पिढीजात आढळतो असे पाहून, माणसांच्या रासायनिक वेगळेपणाची कल्पना मांडली होती. आता जनुकशास्त्राने तिला भक्कम आधार दिला आहे. शरीरातील रासायनिक क्रिया विकरांच्या मदतीने होतात. विकर कसे घडावे ह्याची आज्ञा जनुकांत लिहिलेली असते. अनेक विकरांना आपले काम करण्यासाठी 'ब' गटातील एखाद्या जीवनसत्त्वाची जोड लागते. जनुकातील आज्ञेत एका अक्षराचा फरक पडला की विकराचा आकार किंचित बदलतो, आणि कधी कधी ते आपल्या जोडीदार जीवनसत्त्वाला नीट धरून ठेवू शकत नाही. अशा वेळी ते जीवनसत्त्व अधिक प्रमाणात पुरवले तर विकराचे काम पुन्हा सुरळीत होण्याचा संभव असतो. ब्रूस एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली असे सुमारे पन्नास आनुवंशिक विकार एकत्र मांडून दाखवले, ज्यांत जीवनसत्त्वाची मोठी मात्रा उपयोगी पडते.

ह्यांतील एक उदाहरण फार बोलके आहे. बायोटिन हेही 'ब' गटातीलच. प्रौढ माणसाला दिवसाकाठी तीसेक मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसे मानतात. वापरलेले बायोटिन सोडवून पुन्हा उपयोगात आणणारे 'बायोटिनिडेज' नावाचे विकर काही अर्भकांत जन्मतःच जवळजवळ नसते. अशा बाळाला आकडी येते, केस गळतात, त्वचेवर चट्टे उठतात, ऐकू येईनासे होते. उपाय कोणता? दिवसाला पाच ते दहा मिलिग्रॅम बायोटिन, म्हणजे आपल्या गरजेच्या शेकडो पट. ते जन्मानंतर लगेच सुरू केले तर मूल निकोप वाढते. उशीर झाला तर गेलेले ऐकू येणे बहुधा परत येत नाही. ह्या बाळाला आणि त्याच्या धडधाकट भावंडाला सारखेच वाढणे ह्याला समता म्हणावे काय? आम्हांला वाटते, त्याला क्रौर्य म्हणावे लागेल. आणि ते क्रौर्य कोणाही दुष्टाने केलेले नसेल, केवळ न विचारता वाढणाऱ्याने केलेले असेल.

बहुसंख्य भेद अर्थातच इतके टोकाचे नसतात. फोलेटच्या चयापचयातील 'एमटीएचएफआर' नावाच्या विकराचे उदाहरण घ्या. त्याच्या जनुकातील ६७७ व्या स्थानी एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर असते, असे १९९५ साली दाखवून देण्यात आले. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल आलेल्या व्यक्तीत ते विकर प्रयोगशाळेत नेहमीच्या सुमारे तीस टक्केच काम करताना दिसते. त्यामुळे रक्तात 'होमोसिस्टीन' हे द्रव्य वाढू शकते, विशेषतः आहारात फोलेट कमी असेल तेव्हा. गंमत अशी की ह्या विकराचा जोडीदार फोलेट नसून रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ आहे. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच बदल दोन्हीकडून आलेल्या, रक्तदाबाच्या रुग्णांना दिवसाला केवळ १.६ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन दिले, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी पाच-सहा अंकांनी उतरला. ह्या चाचण्या लहान होत्या. पण दुधात आणि हिरव्या भाज्यांत सापडणारे एक साधे जीवनसत्त्व देहभेदानुसार कसे निराळे वागते, हे त्यांतून दिसते. ब-१२ च्या बाबतीतही 'एफयूटी२' ह्या जनुकातील भेदाचा रक्तातील पातळीशी संबंध असल्याचे २००८ साली आढळले. आमच्या आत्याच्या रक्तात कोणते अक्षर होते हे आता कधीच कळणार नाही. परंतु आई, काकू आणि आत्या ह्यांची पाने सारखी असूनही देह सारखे नव्हते, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

मग सरकारी तक्त्यांत दिलेले 'शिफारस केलेले दैनिक प्रमाण' म्हणजे काय? पुष्कळांना वाटते की ती प्रत्येकाची गरज आहे. तसे नाही. निरोगी लोकांची सरासरी गरज काढून तिच्यावर इतकी भर घालतात की, शंभरांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव लोकांची गरज भागावी. म्हणजे बहुतेकांना त्या आकड्याहून कमी पुरते आणि दोघातिघांना तोही अपुरा पडतो. हा आकडा ठरवणाऱ्यांनी सरासरीवर थांबायचे नाकारले, ह्यात आम्हांला एक मोठे नैतिक शहाणपण दिसते. सरासरी धरली असती तर निम्मे लोक उपाशी राहिले असते. अधिक गरज असलेल्याला मापदंड मानून सर्वांसाठी वाढावे, असा हा न्याय आहे. तरीही उरलेल्या दोघातिघांचा प्रश्न कोणताही तक्ता सोडवू शकत नाही. त्यांना शोधावेच लागते.

प्राचीनांनी ह्या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात सद्गुणाचे लक्षण सांगताना उदाहरण घेतले आहे ते जेवणाचेच. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे, म्हणून तालमीच्या वस्तादाने सरसकट सहा मापे ठरवू नयेत. मायलो ह्या विख्यात मल्लाला ती अपुरी पडतील आणि नवशिक्याला जड होतील. अंकगणितातील मध्य सर्वांसाठी एक असतो, आचरणातील मध्य ज्याचा त्याला शोधावा लागतो, असे त्याचे तात्पर्य. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराविषयी विचारात घ्यावयाच्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. द्रव्याचा स्वभाव, संस्कार, संयोग, प्रमाण, देश, काळ, खाण्याचे नियम ह्या सात सांगून झाल्यावर आठवी गोष्ट येते ती 'उपयोक्ता', म्हणजे खाणारा स्वतः. चरकांना जनुके ठाऊक होती असा दावा करणे हास्यास्पद ठरेल, आणि तसा मोह आपल्या लोकांना अधूनमधून होतो म्हणून हे स्पष्ट सांगतो. परंतु अन्नाची चर्चा खाणाऱ्याला वगळून पुरी होत नाही, ही दृष्टी मात्र त्यांच्यापाशी निश्चित होती.

आपल्या काळात हाच धागा अमर्त्य सेन ह्यांनी पकडला. १९७९ साली दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी विचारले की, समता, समता म्हणता. पण समता कशाची? वस्तूंची समान वाटणी केली तरी त्या वस्तूंतून प्रत्येकाला जे साधता येते ते समान नसते, कारण माणसे एकसारखी नसतात. गर्भवतीला, अपंगाला, आजाऱ्याला तेवढ्याच शिध्यात तेवढेच जगता येत नाही. म्हणून वाटणीत काय पडले एवढेच न पाहता, त्यातून मनुष्य काय करू शकतो व काय होऊ शकतो, हे पाहिले पाहिजे. आमच्या आजीच्या भाषेत सांगायचे तर, पानात काय पडले एवढे पाहून वाढणारीचे काम संपत नाही. जेवून उठलेला तृप्त उठला की नाही, हे पाहावे लागते. तसे पाहिले तर गरजेनुसार कमीअधिक वाढणे हा पंक्तिप्रपंच नव्हे. पंक्तिप्रपंचात भेद असतो तो वाढणाऱ्याच्या आवडीनिवडीमुळे. येथे भेद असतो तो खाणाऱ्याच्या गरजेमुळे. दोहोंत हात एकसारखाच कमीअधिक होतो. हेतू मात्र उलटे असतात.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग प्रत्येकाने आपली जनुके तपासून घ्यावी आणि आपापले ताट निराळे मांडावे. आमच्या घरातच ह्याचाही अनुभव आला. आमच्या एका पुतण्याने लाळेचा नमुना पाठवून जनुकतपासणी करवून घेतली. अहवालात 'एमटीएचएफआर'चा तो बदल निघाला, आणि त्या दिवसापासून त्याचे आयुष्य बदलले. डोके दुखले तरी कारण तेच, परीक्षेत मन लागले नाही तरी कारण तेच. महागड्या गोळ्यांच्या बाटल्या घरात आल्या. "काका, माझं शरीर तुमच्यासारखं नाही," हे वाक्य तो अशा काही सुरात म्हणू लागला की, ती तक्रार आहे की प्रौढी, हे कळेना. आत्याला तिचा वेगळेपणा कोणी सांगितला नाही. ह्याला तो गरजेपेक्षा अधिक सांगितला गेला.

वस्तुस्थिती काय आहे? दोन्हीकडून हा बदल आलेल्या व्यक्तीने इतरांइतकेच फॉलिक आम्ल घेतले, तर तिच्या रक्तातील फोलेट सरासरीने सुमारे सोळा टक्के कमी भरते. फरक खरा आहे. पण तो पालेभाजीने, डाळीने आणि साध्या स्वस्त गोळीने भरून निघण्यासारखा आहे. अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्राच्या प्रमुख संस्थेने २०१३ साली, रक्तात गुठळ्या होण्याच्या वा वारंवार गर्भपाताच्या तपासणीत ही जनुकचाचणी करू नये, असेच सांगितले. होमोसिस्टीन वाढलेले असले की हृदयविकार अधिक दिसतो, म्हणून 'ब' गटाच्या गोळ्या देऊन ते उतरवण्याचे प्रयोग झाले. २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, ते असे की होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके त्यामुळे अपेक्षेप्रमाणे टळले नाहीत. जनुकात एक अक्षर निराळे आहे एवढ्यावरून मनुष्याचे भवितव्य वाचू पाहणे, हे पत्रिकेतील मंगळावरून भवितव्य वाचण्याहून फारसे निराळे नाही. शास्त्राचा पोशाख चढवला म्हणून दैववाद हा दैववादच राहतो.

आमच्यासारख्या जुन्या स्थायिक कुटुंबांना येथे आणखी एक गोष्ट मनाशी तपासून पाहण्यासारखी आहे. मायभूमीपासून दूर राहिलेल्या समाजाला रक्ताचा, कुळाचा, घराण्याचा अभिमान जरा अधिकच असतो. 'आमचे रक्त निराळे' हे वाक्य आपण सर्वांनी बैठकीत ऐकलेले आहे, कदाचित उच्चारलेलेही आहे. ज्या जनुकभेदांची आपण चर्चा करीत आहोत ते आडनाव पाहून वस्तीला येत नाहीत. ६७७ व्या स्थानचा तोच बदल मेक्सिकोत आहे, इटलीत आहे, चीनमध्ये आहे, आणि प्रमाण कमी असले तरी भारतातही आहे. सख्ख्या दोन भावंडांत एकाला तो मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही. घरातल्या घरात भेद, आणि सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाशी साम्य, असा हा विलक्षण प्रकार आहे. त्यातून कुळाचा गर्व सिद्ध होत नाही; एकाच घरातील माणसांनाही परस्परांची गरज विचारून घ्यावी लागते, इतकेच सिद्ध होते.

न विचारता अधिक वाढण्यातही धोका असतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ह्या मातांपैकी सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी होते; फोलेटची उणीव मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. ज्या मातांत फोलेट अधिक आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. असा संबंध म्हणजे कार्यकारणभावाचा निर्णायक पुरावा नव्हे. पण ब-१२ ची उणीव असताना केवळ फॉलिक आम्ल देत राहिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एकाची उणीव ही दुसऱ्याच्या विपुलतेने भरून निघत नाही. दान करणाऱ्याने आपल्याजवळ काय आहे ते देऊ नये, घेणाऱ्याला काय हवे ते द्यावे, हा जुना विवेक येथे अक्षरशः खरा ठरतो.

ह्याचा अर्थ सर्वांसाठी एकत्र वाढण्याची पद्धत मोडीत काढावी असा आम्ही करीत नाही. १९९१ साली एका मोठ्या चाचणीत असे सिद्ध झाले की, गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास, आधी एक बाळ पाठीच्या कण्याचा वा मेंदूचा जन्मदोष घेऊन आलेल्या मातांत तो दोष पुन्हा होण्याचा संभव सुमारे सत्तर टक्क्यांनी घटतो. १९९८ पासून अमेरिकेने पिठात फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे केले आणि असे जन्मदोष लक्षणीय घटले. त्या पिठाची भाकर कोट्यवधींनी खाल्ली. लाभ झाला तो थोड्या हजार बाळांना, आणि ती बाळे कोणाची असतील हे आधी कोणालाच सांगता आले नसते. आपल्याकडेही २०२१ साली घोषणा होऊन रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्याच्या इष्टानिष्टतेविषयी जाणकारांत मतभेद आहेत, आणि ते असणे योग्यच आहे. तरी तत्त्व म्हणून आम्हांला असे वाटते की, ज्याला गरज नाही त्याने निरुपद्रवी असा थोडा अधिक घास खावा, म्हणजे ज्याला गरज आहे पण जी सांगता येत नाही तो वंचित राहणार नाही, ह्यात पंगतीचे खरे मोल आहे. केवळ ज्यांना जनुकतपासणी परवडते त्यांनीच आपले ताट निराळे मांडावे आणि बाकीच्यांनी तक्त्यावर निभावावे, अशी व्यवस्था आली तर तो पंक्तिप्रपंचाचा नवा आणि फार महागडा अवतार ठरेल.

तेव्हा हक्क की हट्ट, ह्या आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : गरज खरी असेल तर अधिक मागणे हा हक्क आहे, आणि ती खरी आहे की नाही हे पाहण्याचे कष्ट घेणे हे वाढणाऱ्याचे कर्तव्य आहे. मागणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. आपला वेगळेपणा त्याने गरजेपुरताच सांगावा. त्याचे निमित्तही करू नये आणि निशाणही करू नये. पुतण्याला आम्ही हेच सांगितले. त्याने रक्त तपासून घेतले. फोलेट उत्तम निघाले, ब-१२ थोडे कमी निघाले, म्हणजे ज्या अक्षराची त्याला भीती वाटत होती त्याच्याशी त्या उणिवेचा संबंध नव्हता. आता डॉक्टरांनी दिलेली एक साधी गोळी तो घेतो आणि रात्री दूध पितो.

आत्याला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. इंजेक्शने सुरू झाल्यावर एकदा ती आईला म्हणाली होती, "वहिनी, मी आळशी नव्हते ग." आईने तिचा हात हातात घेतला, पण कोणी काही बोलले नाही, आम्हीही नाही. तिला आळशी ठरवताना घरातील प्रत्येकाचा आवाज मोठा होता. तो निवाडा चुकीचा निघाल्यावर तिची क्षमा मागायला मात्र कोणाला शब्द सुचला नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एखादी आत्या, काकू किंवा आजी असेल, जी अलीकडे मंदावली आहे असे घर म्हणते. तिच्या स्वभावाविषयी मत बनवण्याआधी तिला किती वाजता जेवायला बसायला मिळते, तिच्या वाटीत काय उरते आणि तिचे रक्त काय सांगते, एवढे विचारावे, अशी आमची विनंती आहे.